उत्तर: पैठणची शिशाची नाणी साफ करून दुबईला न्यावीत का?

तुमची पोस्ट वाचली. पैठण बघायला गेलात, घाटाजवळ एकाकडून चार शिशाची 'सातवाहन' नाणी आणि राजाचा चेहरा असलेलं चांदीचं एक क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राजे) नाणं घेतलंत, आणि आता लिंबाने घासून दुबईला न्यायचा बेत आहे. हा घोळ चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. सातवाहन कोण वगैरे सोडून देतो.

लिंबू आधी बाजूला ठेवा. शिशाला कुठलंच आम्ल चालत नाही, चिंच नाही की व्हिनेगर नाही. तांब्याच्या नाण्यांसाठी सांगतात तसं डिस्टिल्ड वॉटरमध्येही भिजत घालू नका, ते पाणी शिसं खातं. मऊ कोरड्या ब्रशने सुटी माती काढा, बस्स. पांढरी भुकटी दिसली तर ती विषारी समजा. फुंकर मारू नका, हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका. लाकडी कपाट, प्लायचा खण, पुठ्ठ्याची डबी यांतून आम्लाची वाफ सुटते आणि ही भुकटी वाढते. स्टीलचं कपाट आणि पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं बरी.

चांदीचं नाणं पाण्यात तोलून बघा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात अधांतरी धरा. काटा जितका वाढेल त्याने कोरड्या वजनाला भागा, उत्तर म्हणजे नाण्याची घनता, पाण्याच्या किती पट जड ते. 2.20 ग्रॅमचं नाणं चांदीचं असेल तर वाढ साधारण 0.21 येते, जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर 0.25. पण 0.01 ग्रॅमचा काटा असेल तर 0.20 आणि 0.22 मधल्या फरकानेच उत्तर 11 ते 10 असं हलतं, त्यामुळे शुद्धतेवर वाद घालू नका. शिवाय खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल यात पास होते. त्याच विक्रेत्याकडे कडेचा आकारसुद्धा हुबेहूब तसाच असलेलं दुसरं नाणं दिसलं, तर दोन्ही एकाच साच्यात ओतलेली, म्हणजे नक्कल.

आता खरी महागात पडणारी गोष्ट: पावती. (मी वकील नाही, जाणकाराला विचारूनच पुढे जा.) नाणी अस्सल असतील तर 1972च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. नक्कल असेल तर 'पुरावशेष नाही' असा दाखला लागतो. तिथे पावतीवर नुसतं 'जुनी नाणी, 5 नग' लिहिलेलं चालत नाही. कागदावरचं नाणं हेच, हे सिद्ध कशाने करणार? एका कार्यालयात, नाव घेत नाही, फोटो नाही म्हणून परत पाठवतात, फोटो नेला की वजन नाही म्हणतात, वजन नेलं की साहेब दौऱ्यावर. सगळं एकदम लिहून सांगायला यांचं काय जातं?

म्हणून पावतीवर प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, धातू आणि दोन्ही बाजूंचा फोटो विकणाऱ्याच्या सहीसकट हवा. तो देत नसेल तर घेऊ नका. 'शेतात नांगरताना सापडलं साहेब' ही तर त्यांची ठरलेली जाहिरात. ते खरं असेल तर 1878च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक होतं. म्हणजे ज्या वाक्यावर तुम्ही भुललात, तेच उद्या तुमच्या अंगावर येईल.

हे नुसतं कागदी नाटक नाही. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेली त्यात नऊ हजारांहून जास्त. ती एकेक करून घाटावर विकली गेली असती तर हे प्रमाण कुणालाच कळलं नसतं.

तुमची पाच नाणी इथेच घरी राहू द्या. पुढच्या खेपेला आधी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय बघा. डोळा तिथेच तयार होतो, खरेदी नंतर, तीही परवानाधारक विक्रेत्याकडून.

जाता जाता, चांदीच्या नाण्यावर डोक्यामागे ब्राह्मी अंक दिसतात का पाहा. असले तर ते शक वर्ष, इसवी सन काढायला 78 मिळवा. सगळ्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ते नसतात, नहपानाच्या तर नाहीतच.