पाना-पेचकस : पासिंग होत नाही, तरी बांधायची का?

दोन अंकांपूर्वी मी रबाळ्याच्या गाळ्यात बांधलेल्या माझ्या उघड्या दोन सीटांच्या गाडीचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा पाऊस पडला. पंपाच्या ग्लँडबद्दल विचारणाऱ्यांनी या वेळी क्षमा करावी.

प्रश्न : काका, मी डिप्लोमा मेकॅनिकल झालोय. आम्ही दोघं मित्र लोटस सेव्हनच्या (जुनी इंग्लिश, उघडी, हलकी दोन सीटांची गाडी) धर्तीची गाडी बांधणार आहोत. मोडीत निघालेली एक जिप्सी बघून ठेवलीय. वाशी आरटीओत पासिंग होईल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : अरे, नाही होणार. हे आधीच सांगतो, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी चेसिस उभी झाल्यावर आरटीओची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे फोटो घेऊन गेलो. त्याने चहा मागवला, सगळे फोटो बघितले, "झकास झालीय" म्हणाला आणि मग विचारलं, "पण साहेब, फॉर्म २२ कोण देणार?"

गाडी नियमात बसते, रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, असं बनवणाऱ्या कंपनीने लिहून द्यायचं, तो फॉर्म २२. कंपनीला तो देता येतो, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे तिच्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने तपासून पास केलेला असतो. ब्रेक, धूर, दिवे, सगळं. ही व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. आयुष्यात एकच गाडी बांधणाऱ्या माणसासाठी तिथे खिडकीच नाही.

'जिप्सीच्याच आरसीवर चालवू' हे तुझ्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच : कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली तेच पक्कं केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. तुझ्या गाडीतले बदल मोजायला बसलास तर सासुरवाडीकडून कर्ज काढावं लागेल, आणि तुझं तर अजून लग्नही झालेलं दिसत नाही. उलट जिप्सी मोडलीस की तिची आरसी रद्द करून घे. ते राहून गेलं तर पुढे भलतंच लचांड मागे लागतं.

विलायतेत हे वेगळं आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली तेव्हा तिथे तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक भाग घरी नेऊन गाडी जोडायचे. कर वाचवायचा म्हणून अंगणात घाम गाळायचा, हे आपल्या माणसाला वेगळं समजावायला नको. १९७३ साली सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती कंपनी आजही सुट्या भागांचं किट विकते. घरी बांधलेली एकेक गाडी तिथल्या सरकारी केंद्रात तपासतात. बाहेरच्या कडांची गोलाई पुरेशी आहे का, इथपर्यंत बघतात. पास झाली की नंबर.

आपल्या शेजारीच, अलिबागला, चिंकारा मोटर्सने सेव्हनसारखी रोडस्टर काढली होती, हिंदुस्तान मोटर्सचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन घालून. पण ती कंपनी, तू आणि तुझा मित्र नाही.

तर बांध, पण शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांध. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी उभी केली. त्या गाडीलाही नंबरप्लेट नव्हती, आणि पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात तिच्यावरच झाली. ट्रॅकवर आरसी कुणी मागत नाही. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान), बेल्ट, हेल्मेट आणि आग विझवायचं सिलिंडर मात्र मागतात. जायच्या आधी फोन करून त्यांचे नियम विचार आणि मगच रोल बारचा पाइप घे. मी उलटं केलं, पाइप दोनदा घेतला.

प्रश्न : जिप्सीच का? ओम्नी निम्म्या पैशांत मिळते. – एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचा मुद्दा रास्त आहे. सेव्हनसारख्या गाडीला इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसलेलं लागतं. त्यामागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट आणि मागच्या चाकांना ओढ. अल्टो, स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. ते घ्यायचं तर सीटच्या मागे टाकावं लागेल, आणि मग ती वेगळीच गाडी झाली. ओम्नीचं इंजिन उभं आहे, ओढ मागे आहे, भागही गल्लोगल्ली मिळतात. पण ७९६ सीसी आणि पस्तीसेक हॉर्सपॉवर. जिप्सी किंगचं १२९८ सीसी, ८० हॉर्सपॉवर.

जिप्सीत आणखी एक गंमत आहे. तिची ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी, मध्ये छोटा शाफ्ट. फोर-व्हील नको असेल तर ती काढून टाकायची आणि गिअरबॉक्सपासून थेट मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत एकच शाफ्ट करून घ्यायचा. ट्रान्स्फर केस 'हाय'मध्येही थोडं रिडक्शन देते, म्हणजे शाफ्टचे फेरे कमी करून जोर वाढवते. ती गेली की सगळे गिअर लांब होतात, म्हणजे प्रत्येक गिअरात वेग जास्त, जोर कमी. जिप्सीला ते झेपलं नसतं. माझी गाडी तुर्भ्याच्या वजनकाट्यावर ५४० किलो भरली. तिला मानवतं.

ब्रेकचं मात्र माझ्यासारखं करू नका. मी बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा डबा) काढला, पेडल लांब केलं (पेडलच्या तरफेचं प्रमाण बूस्टर असताना साधारण चारास एक चालतं, नसताना सहास एक लागतं), आणि त्या आनंदात मागच्या चाकांच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचाच राहिला. महापेला एका मित्राच्या कंपनीचं मोठं आवार आहे. रविवारी सकाळी तिथे पहिली फेरी मारली. तीसचा वेग असेल. पाय दाबला, मागची चाकं जाम झाली आणि गाडी गर्रकन फिरून वॉचमनच्या केबिनकडे तोंड करून उभी राहिली. तो डबा खात होता. झाकण हातात, घास तोंडात, आणि दोघं एकमेकांकडे बघतोय.

प्रश्न : आमचे हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बांधणार म्हणताहेत. चेअरमननी नोटीस लावायच्या आत काहीतरी सांगा. खर्च किती येतो तेही लिहा. – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : ताई, चेअरमनच्या बाजूने मी आहे. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजाऱ्याच्या काचेवर उडाल्या की काचेत रुतून बसतात, पुसून जात नाहीत. वागळे इस्टेटमध्ये नाहीतर रबाळ्यात कुणाच्या गाळ्याचा कोपरा भाड्याने घेऊ दे. सपाट जमीन आणि थ्री-फेज, एवढंच बघायचं.

चेसिसला एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज. आधी सगळीकडे नुसते टॅक (वेल्डिंगचे ठिपके), मग गुण्या लावून आणि दोन्ही कर्ण मोजून, या बाजूला एक टाका, त्या बाजूला एक टाका, असं वेल्डिंग. मी एक बाजू सलग पुरी केली आणि फ्रेम चार मिलिमीटर ओढली गेली. जूनमध्ये उघडा पाइप रात्रभर ठेवायचा नाही. खाडीची हवा आहे, सकाळी तांबूस होतो. आदल्या दिवशीच प्रायमर.

खर्च माझ्या वहीत आहे : ४ लाख १२ हजार, गाळ्याचं भाडं सोडून, आणि सव्वातीन वर्षांचे रविवार. भाड्याचा आकडा आमच्या घरी सांगितलेला नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. हे मासिक घरी येतं. एक सूचना तुमच्यासाठी : असल्या गाडीत सायलेन्सर बाजूने, उघडाच जातो. उतरताना पोटरी टेकते. आमच्या हिच्या पोटरीवर अजून डाग आहे, आणि त्याचा उल्लेख दर दिवाळीला होतो.

प्रश्न : रस्त्यावर न्यायची नाही, पाऊस सोसत नाही, सामान मावत नाही. मग या गाडीचं करायचं काय? – एक वाचक, वाशी

उत्तर : महिन्यातून दोन रविवार टेम्पोवर चढवून महापेला नेतो. दार नाही, त्यामुळे हात खाली सोडला की बोटं जमिनीला लागतात. पुढची चाकं वळताना बसल्या जागेवरून दिसतात, त्यांनी खडा उडवला की कुठे जाऊन पडला तेही. चाळीसच्या वेगाला डोळ्यांत पाणी येतं. आठ-दहा फेऱ्या, मग एक वॉचमनची. आता तो डबा आधीच उरकून ठेवतो.

गेल्या वेळी डाव्या पुढच्या चाकातून घूं घूं आवाज येत होता. बेअरिंग असावं. या रविवारी हब उघडतोय, त्यामुळे फेऱ्या नाहीत.