टांझानियात सफारी कंपनी न घेता, बस-रेल्वेने एकटीला फिरता येईल का?

येईल. मी स्वतः तशीच फिरले आहे, पाठीवर एक सॅक घेऊन, दार-एस-सलामच्या समुद्रापासून पार पश्चिमेला टांगानिका सरोवराच्या काठापर्यंत. तुम्ही लिहिलंय की एकटी आहे, शाकाहारी आहे, हातात पैसे बेताचे आहेत आणि सेरेंगेटी बघायची आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी निभावतात. चौथीचा हट्ट धरलात तर बाकीचा प्रवास तिथेच संपेल.

सेरेंगेटीत बसने जाऊन पायी हिंडता येत नाही. गाडी लागतेच, गाडीबरोबर ड्रायव्हर-गाईड आला, आणि उद्यानाची फीच माणशी दिवसाला 70 डॉलरच्या आसपास, वर 18 टक्के कर. शेजारच्या न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी-विवरात उतरायचं तर गाडीमागे आणखी अडीचशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. किलिमांजारोवर परवाना असलेल्या गाईडशिवाय चढूच देत नाहीत. चार-सहा जणी मिळून खर्च वाटून घ्या, नाहीतर या खेपेला सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणी पाहायचेच असतील तर दारहून, म्हणजे दार-एस-सलामहून, इरिंगा किंवा म्बेयाची दिवसाची बस पकडा. तो हायवे मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून जवळजवळ 50 किलोमीटर जातो. गाड्यांना तिथे वेगाची मर्यादा आहे, त्यामुळे खिडकीतून जिराफ, झेब्रे, हरणं निवांत दिसतात, कधीकधी हत्तीही. आणि हे सगळं बसच्या साध्या तिकिटात.

पण माझं ऐकाल तर पश्चिमेला जा. बागामोयो, डोडोमा, टाबोरा, किगोमा, उजिजी. हा जुना काफिल्यांचा रस्ता. हस्तिदंत आणि गुलाम याच वाटेने किनाऱ्याकडे आणले जायचे, पुढे जर्मनांनी बऱ्याच अंशी याच वाटेवरून रेल्वे नेली, ती 1914 मध्ये किगोमाला पोचली. पर्यटक इथे फार कमी येतात, त्यामुळे भाव चढवून सांगणारेही कमी भेटतात.

मी नाशिकची आहे, आणि या वाटेबद्दल मला इतकी ओढ का, त्याचं कारण नाशिकमध्येच आहे. ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडली की त्यांतल्या सुटलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबई बंदरात उतरवायचे. त्यांतली कित्येक मुलं नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली, तिथे अक्षरं आणि हातचे धंदे शिकली. आपण आज ज्याला शरणपूर रोड म्हणतो तेच हे शरणपूर. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1866 मध्ये शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा या नाशिकच्या मुलांपैकी काहींना त्याने बरोबर नेलं होतं. 1871 मध्ये त्याच्या शोधात निघालेला बातमीदार स्टॅन्ली याने त्याला उजिजीत गाठलं, ती गोष्ट जगाला माहीत आहे. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन टाबोराजवळ क्विहाराला माणसं आणि सामान येण्याची वाट पाहत थांबला होता. तेव्हा जी तुकडी आली तिच्यात शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. 1873 मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोला लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या माणसांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, झाडावर मजकूर कोरला तो जेकबने, आणि सुकवलेला देह घेऊन ते महिनोन् महिने चालत बागामोयोच्या किनाऱ्याला आले. दुसऱ्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. देह आणणाऱ्यांतले सुसी आणि चुमा यांची नावं निदान प्रवासवर्णनांतून वाचायला मिळतात. जेकबचं नाव नाशिकमध्ये किती जणांना माहीत असेल? मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून सुरुवात बागामोयोपासून करा. दारहून दालादालाने, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसने, दोनेक तासांत पोचता. जर्मन पूर्व आफ्रिकेची पहिली राजधानी हीच. जुनी दगडी घरं, कोरीव दरवाजे, आणि कॅथलिक मिशनचं आवार. लिव्हिंगस्टनचा देह जिथे एक रात्र ठेवला होता तो मनोरा या आवारात अजून उभा आहे. किनाऱ्यावर एकटीने सामसूम वेळी मात्र जाऊ नका, संध्याकाळ व्हायच्या आत परत फिरा.

दार ते डोडोमा आता नवी विजेवरची रेल्वे आहे, 2024 मध्ये सुरू झाली. सुमारे साडेतीन-चार तासांत पोचवते, स्वच्छ आहे, वेळेवर निघते. तिकिटाला पासपोर्ट लागतो आणि सामान विमानतळासारखं तपासतात. डोडोमा ही सरकारी कचेऱ्यांची राजधानी. एक रात्र झोपा आणि पुढे निघा.

डोडोमाच्या पुढे जुनी मीटर गेज. ही गाडी आठवड्यातून मोजकेच दिवस असते आणि उशीर ठरलेलाच, तेव्हा वेळापत्रक इंटरनेटवर बघून विसंबू नका, स्टेशनावर जाऊन विचारा. सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये सहा बर्थचा डबा असतो, बायका आणि पुरुष वेगळे. एकटीसाठी हीच सर्वांत निर्धास्त जागा. माझ्या डब्यात तान्ह्या बाळाची आई होती, टाबोराला निघालेली एक नर्स होती आणि दोन शाळकरी बहिणी. रात्री दाराची कडी कशी अडकवायची हे नर्सताईंनी मला दाखवलं, आणि उतरेपर्यंत माझी सॅक जणू त्यांचीच होती. प्रत्येक स्टेशनात बाया भाजलेली कणसं, केळी, शेंगदाणे, बाटलीतला मध घेऊन खिडकीशी येतात. टाबोराचा मध नावाजलेला आहे, तिथल्या मिओम्बो झाडांच्या जंगलातला, रंगाने गडद. जरूर घ्या, पण झाकण घट्ट बसतंय ना ते आधी पाहा.

टाबोरात दोन दिवस ठेवा. गाव सुस्त आहे, रस्त्याकडेला आंब्याची जुनी झाडं आहेत. क्विहारा गावाबाहेर काही किलोमीटरवर आहे. रिक्षा करा. रिक्षाला सगळ्या टांझानियात ‘बजाजी’ म्हणतात, आपल्या आकुर्डीच्या बजाजवरून. लिव्हिंगस्टनचं मातीच्या भिंतींचं घर तिथे पुन्हा उभारलं आहे. आत थोडेसे नकाशे आणि पत्रांच्या प्रती आहेत. गाजावाजा काहीच नाही, माणसंही नसतात. मी ओसरीवर बराच वेळ बसले होते. नाशिकहून इथवर आलेल्या त्या पोरांना घरी आल्यासारखं वाटलं असेल की पुन्हा परक्या मुलखात आल्यासारखं, हाच विचार डोक्यात होता.

किगोमाला सरोवर दिसतं तेव्हा समुद्रच वाटतो. टांगानिका जगातलं दुसरं सर्वांत खोल सरोवर, जवळजवळ 1,470 मीटर, आणि पलीकडच्या तीरावर काँगो. उजिजी किगोमाला लागूनच आहे, दालादालाने जाता येतं. स्टॅन्ली-लिव्हिंगस्टन भेटीच्या जागी स्मारक आणि छोटं संग्रहालय आहे. खाली किनाऱ्यावर डागा नावाची बारीक चंदेरी मासळी वाळत घातलेली असते, वास सहन करा. गोम्बेचं जंगल इथून बोटीने जवळ आहे. जेन गुडॉल 1960 मध्ये चिंपांझींचा अभ्यास करायला आल्या त्या इथेच. फी मात्र 100 डॉलर अधिक कर. मी भरली, आणि माझ्या अख्ख्या प्रवासात हाच एक मोठा खर्च होता जो मी पुन्हा आनंदाने करीन. लिएंबा नावाच्या जहाजाबद्दलही वाचलं असेल. जर्मनांनी 1913 मध्ये बांधून, सुटं करून, रेल्वेने किगोमाला आणलेलं, पहिल्या महायुद्धात स्वतःच बुडवलेलं, आणि ब्रिटिशांनी वर काढून 1927 मध्ये पुन्हा चालवलेलं. ते दुरुस्तीला काढलं होतं. पुन्हा चालू झालं आहे का, ते बंदरावर विचारा.

आता खाणं. वाली महारागे, म्हणजे भात आणि राजम्यासारखी घेवड्याची उसळ, कुठल्याही गावात मिळते. सकाळी चपाती महारागे. चपाती हे नाव तेच, फक्त जाड आणि तेलकट. म्चिचा म्हणजे आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी. कचुंबारी म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. मांडाझी (तळलेले गोडसर पाव) आणि नारळ घातलेले विटुंबुआ (तांदळाचे आप्प्यांसारखे) चहाबरोबर खा. रस्त्याकडेला शिजवून वाढणाऱ्या बाईला मामा न्तिलिये म्हणतात. तिला ‘सिली न्यामा वाला समाकी’ (मांस खात नाही, मासेही नाही) असं सांगा, आणि पातेल्यात रस्सा कशाचा आहे तेही विचारा, कारण महारागेत कधीकधी डागा पडलेला असतो. दारमध्ये किसुतू भागात गुजराती थाळी मिळते. तिथून निघताना लोणचं बरोबर घ्या, पश्चिमेला मिळणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर जेवण दोन ते चार हजार शिलिंगांत होतं, मच्छरदाणी असलेली साधी खोली वीस ते चाळीस हजारांत. डॉलरला साधारण अडीच हजार शिलिंग धरा. रोख जवळ ठेवा, आतल्या गावांत कार्ड चालत नाही.

एकटीच्या सुरक्षिततेबद्दल मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे: कामाचं बोलण्याआधी ख्यालीखुशाली विचारा. वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणा, ते ‘मराहाबा’ म्हणतील. तिथे हे न करता थेट ‘बस कुठे लागते’ विचारणं उद्धटपणा समजतात. ज्या आजीला मी शिकामू केलं तिने तिकीट खिडकीपर्यंत हात धरून नेलं, आणि गराडा घातलेल्या दलालांना तिनेच हटकलं. हा अनुभव वाटेत परत परत आला. बाकी नियम साधे. नव्या गावात अंधार पडायच्या आत पोचा, रात्रीच्या बस आता सुटतात तरी त्या टाळा. दारमध्ये रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन बाहेर काढू नका, मोटरसायकलवाले हिसकावून नेतात. टॅक्सी अॅपवरूनच बोलवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, बागामोयो आणि उजिजी ही मुस्लिम वस्तीची गावं आहेत. स्टेशन, पूल, बंदर, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका, पोलीस अडवतात. आणि निघण्याआधी बातम्या पाहा. 2025 च्या ऑक्टोबरात निवडणुकीच्या वेळी दारमध्ये संचारबंदी लागली होती आणि देशभर इंटरनेट बंद झालं होतं.

घड्याळाकडे नीट लक्ष द्या. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. कुणी ‘बस बारा वाजता’ म्हणालं तर ती पहाटे सहाची असू शकते. तिकिटावरची वेळ बोट ठेवून दोनदा विचारून घ्या.

निघण्यापूर्वीची कामं: ई-व्हिसा ऑनलाइन, 50 डॉलर. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, हे टाळू नका. केनिया, युगांडा किंवा इथिओपियामार्गे येणार-जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. आणि सॅकमधले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. 2019 पासून तिथे त्यांच्यावर बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. कापडी पिशव्या शिवून घ्या. किगोमाहून परत कसं यायचं ते तुमच्या सुट्टीवर ठरेल. दिवस असतील तर बसने म्वांझाला, व्हिक्टोरिया सरोवराकडे जा, नसतील तर किगोमाहून दारला विमान आहे. तुमच्या तारखा कळवलात तर त्याप्रमाणे कुठे किती मुक्काम करायचा ते सांगते.