वीमुळे 'खऱ्या' गेमरचं नुकसान झालं का?

तुमचा प्रश्न असा आहे: २००६ साली वी हा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) काढून निन्टेंडोने आजी-आजोबांना आणि कधीही गेम न खेळलेल्यांना जवळ केलं आणि मुरलेल्या खेळाडूंना वाऱ्यावर सोडलं. कॅज्युअल, म्हणजे अधूनमधून खेळणाऱ्या मंडळींमुळे कन्सोलवरचे गेम पोरकट झाले, हे कितपत खरं?

त्या वर्षांत हा वाद मी भरपूर वाचला आणि त्यात हिरिरीने भागही घेतला. तक्रार खोटी नव्हती, पण राग निघाला तो भलत्याच माणसांवर, असं माझं ठाम मत आहे.

आधी निन्टेंडोची तेव्हाची अवस्था बघा. वीच्या आधीचा त्यांचा गेमक्यूब जेमतेम २ कोटी १७ लाख खपला, तर सोनीच्या प्लेस्टेशन २ ने पुढे १५ कोटींचा टप्पा ओलांडला. ताकदवान चिप आणि चकाचक ग्राफिक्सच्या शर्यतीत पैसा ओतत राहिलो तर आपण टिकणार नाही, हे अध्यक्ष सातोरु इवाता यांना दिसत होतं. डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या मेंदूच्या व्यायामाच्या गेमने जपानात मोठ्या वयाची माणसं खेळाकडे ओढली होतीच. म्हणून वीमध्ये त्यांनी गेमक्यूबचंच तंत्रज्ञान थोडं सुधारून वापरलं आणि सगळा भर हातवारे ओळखणाऱ्या रिमोटवर दिला. अमेरिकेत किंमत २५० डॉलर, वर बोलिंग-टेनिसचा वी स्पोर्ट्स हा गेम फुकट. प्लेस्टेशन ३ तेव्हा ५०० आणि ६०० डॉलरला होता, तरीही सोनीला प्रत्येक नगामागे तोटा होत होता. निन्टेंडो पहिल्या दिवसापासून नफ्यात. शेवटी वी १० कोटी १६ लाख खपला.

मुरलेल्या खेळाडूंच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्या नाकारू नयेत. बाकीचे एचडीमध्ये खेळत असताना वी ४८०पी या कमी स्पष्ट चित्रावर अडकलेला. मित्राबरोबर ऑनलाइन खेळायचं तर आकड्यांचे लांबलचक फ्रेंड कोड एकमेकांना द्यायचे. आणि २००८ चा ई३, म्हणजे गेम उद्योगाचा वार्षिक मेळा! झेल्डा किंवा मारिओ या गाजलेल्या मालिकांच्या नव्या गेमची बातमी येईल म्हणून लोक डोळे लावून बसले होते आणि मंचावर मोठ्या थाटात आलं ते हातवारे करून वाद्यं वाजवायचं वी म्युझिक. लोक इतके चिडले की 'जुन्या खेळाडूंना आम्ही विसरलेलो नाही' असा खुलासा इवाता यांना करावा लागला. तो संताप मला आजही रास्त वाटतो.

पण गेम कोणी बनवले नाहीत, ते बघा. २००७ साली कॅपकॉम कंपनीने रेसिडेंट इव्हिल ४ हा भीतीदायक शूटिंग गेम वीवर आणला. जुनाच गेम, पण रिमोटने नेम धरायची मजा अशी की तो उत्तम खपला. म्हणजे वीच्या मालकांमध्ये असले गेम घेणारे लोक होते. मग झालं काय? त्याच मालिकेचा पाचवा भाग २००९ मध्ये आला, तो वी सोडून. वीच्या वाट्याला रेल शूटर आले, म्हणजे कॅमेरा आपोआप पुढे सरकणार आणि आपण फक्त गोळ्या झाडायच्या. ईए कंपनीनेही डेड स्पेस वीवर आणला तो याच साच्यात. तो आपटला. आणि निष्कर्ष निघाला की वीवर हार्डकोअर, म्हणजे मुरलेलं गिऱ्हाईकच नाही! मुख्य गेम द्यायचा नाही, उरलंसुरलं द्यायचं आणि ते खपलं नाही की खेळाडूंना नावं ठेवायची. यात बोलिंग खेळणाऱ्या आजींचा काय दोष? निन्टेंडोची अमेरिकन शाखाही यातून सुटत नाही. झेनोब्लेड हा वीवरचा भलामोठा साहसी गेम जपानात २०१० मध्ये आला. अमेरिकेत मिळायला २०१२ उजाडलं, तेही चाहत्यांनी ऑपरेशन रेनफॉल ही मोहीम चालवल्यावर.

'कॅज्युअल म्हणजे सोपं' हे समीकरणही मला पटत नाही. वी स्पोर्ट्सच्या बोलिंगमध्ये ३०० गुण करायचे तर सलग १२ स्ट्राइक लागतात. मनगट एकदा जरी हललं तरी संपलं. गल्लीत टेनिस बॉलने खेळणाराही जीव तोडूनच खेळतो, त्याच्यामुळे सीझन बॉलचं क्रिकेट बिघडत नाही. फरक असतो तो मुख्यतः वेळेचा: कोणाकडे रोज तीन तास असतात, कोणाकडे रविवारचा अर्धा तास.

शिवाय ज्या गर्दीवर एवढा राग होता ती टिकलीही नाही. स्मार्टफोन आला, ॲप स्टोअर आलं, आणि अर्ध्या तासाच्या खेळासाठी टीव्हीपुढे बसायची गरज उरली नाही. २०१२ मध्ये वी यू आला तेव्हा निन्टेंडोने बॅटमॅन, मास इफेक्ट, असॅसिन्स क्रीड असे गेम पुढे करून हार्डकोअर मंडळींना साद घातली. त्यांच्याकडे आधीच एक्सबॉक्स ३६० किंवा प्लेस्टेशन ३ होता. आणि वी घेतलेल्या अनेकांना हे नवं यंत्र आहे की जुन्या वीलाच जोडायचं काही, हेच कळेना. सगळा मिळून खप १ कोटी ३५ लाखांच्या आसपास.

मायक्रोसॉफ्टचं उलटं झालं. एक्सबॉक्ससाठीचा, शरीराची हालचाल टिपणारा २०१० चा कायनेक्ट कॅमेरा ६० दिवसांत ८० लाख खपला. त्या जोरावर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसोबत तो सक्तीने गळ्यात मारला आणि किंमत ५०० डॉलर झाली. प्लेस्टेशन ४ होता ४०० डॉलरला. इथे मुरलेल्या खेळाडूंचा राग कामी आला असं मी म्हणेन, कारण पुढच्याच वर्षी कायनेक्टशिवायचा एक्सबॉक्स बाजारात आला.

निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर, म्हणजे स्विचवर, आज हा वाद मला जवळपास ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड, त्याच वर्षी गोळीबाराचा डूम, पुढे व्यायामासाठी रिंग फिट, सगळं एकाच यंत्रावर. एकाच घरातली दोन माणसं तो दोन कारणांसाठी उचलतात.

तुम्हाला जुना वी हाती लागला तर रेसिडेंट इव्हिल ४ ची वी आवृत्ती आणि झेनोब्लेड जरूर खेळा. मेट्रॉइड प्राइम ३ सुद्धा. या तिन्हींनंतरही वी पोरकट वाटला तर सांगा, मग पुढे बोलू.