बॅलन्सिंग दोनदा केलं तरी नव्वदला स्टिअरिंग थरथरतंच

प्रश्न : दादा, माझी हॅचबॅक आहे, दिवाळीत बाहेरून अलॉय बसवले. गावात फिरताना काही जाणवत नाही, पण पुण्याला निघालो की मोहोळच्या पुढं ९० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं, १०० ला परत कमी होतं. दोन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, दोघंही म्हणतात मशीनवर झिरो आलंय. मग चुकतंय कुठं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : झिरो आलं असेल हो, पण साधं मशीन फक्त चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का एवढंच बघतं. चाक गोल आहे का, हबवर (म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर) बरोबर मधोमध बसलंय का, हे त्याला कळत नाही. तुम्ही अलॉय बाहेरून टाकलेत म्हणालात ना, माझा पहिला संशय तिथंच. असे अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, मग मशीनवर निमुळत्या कोनमुळं चाक बरोबर मधे बसतं आणि गाडीवर नुसत्या नटांच्या भरवशावर जरासं सरकतं. मधली फट मोजून ती भरून काढणारी हब रिंग टाकून घ्या, महाग नसते.

९० लाच का? १५ इंची रिमचं चाक त्या स्पीडला सेकंदाला तेराएक फेऱ्या मारतं आणि सस्पेन्शनची स्वतःची थरथर पण त्याच्या आसपासच असते, दोन्ही जुळलं की हादरा वाढतो, पुढं गेलं की सुटतो.

माझ्या गाडीला हाच त्रास होता, तीनदा बॅलन्सिंगचे पैसे दिले, शेवटी चाक स्वतः काढलं तर हबवर गंज, नखाएवढा पोपडाच निघाला, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या रानातला चिखल वाळून विटेसारखा घट्ट. रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त असलं तरी १०० च्या स्पीडला ते तीनेक किलोच्या जोरानं ओढतं बघा! तारेच्या ब्रशनं हब घासला, चिखल खरवडला, थरथर गेली. आणि नट आवळताना चाक जॅकवर अधांतरी ठेवून आधी हातानं, मग समोरासमोरचे आवळायचे, एअर गननं एका दमात नाही.

एवढं करूनही राहिलं तर मशीनवर चाक हळू फिरवायला सांगा आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरा. फट कमीजास्त झाली तर रिम आऊट, म्हणजे वाकडी आहे. रिम सरळ पण टायर उड्या मारतोय तर आतला तारेचा पट्टा सरकलेला असू शकतो, आणि कडेला फुगा दिसला तर कळकळीनं सांगतो, त्या टायरवर हायवेला जाऊच नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तर अजिबात नाही.

फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क बघा.

काहीच सापडलं नाही तर पुढची चाकं मागं टाकून एकदा टेंभुर्णीपर्यंत जाऊन या. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली आली तर दोष चाकातच, स्टिअरिंगमध्येच राहिली तर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट, म्हणजे स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे, तपासायला लावा.