शहाळ्यातली कागदी स्ट्रॉ

प्रश्न : शहाळेवाल्याकडची कागदी स्ट्रॉ पाणी संपायच्या आत लिबलिबीत होते. हिचा पर्यावरणाला खरंच फायदा होतो का?

उत्तर : होतो, पण अर्धाच. कागदाच्या तीन-चार पट्ट्या गोंदाने गुंडाळून ही स्ट्रॉ बनते. पाणी आधी कापलेल्या कडेतून शिरतं, म्हणून टोकं सर्वात आधी उकलतात. कागद बनवायला पाणी आणि ऊर्जा बरीच लागते. काही स्ट्रॉमध्ये पाणी अडवणारी ‘पीफास’ रसायनंही सापडली आहेत, आणि ती कुजत नाहीत. प्लॅस्टिकची स्ट्रॉ पॉलिप्रॉपिलीनची. बनवायला सोपी, पण एवढीशी नळी कचऱ्यातून वेचतो कोण? नाल्यातून समुद्रात जाऊन तिचा भुगा होतो. १ जुलै २०२२पासून देशभर तिच्यावर बंदी आहे, ती योग्यच. तरी शहाळं सरळ पेल्यात ओतून घ्या. स्ट्रॉ लागतेच कशाला?