जठरातलं आम्ल, रक्तातलं आम्ल आणि स्वादुपिंड : वाचकांचे प्रश्न

मला मधुमेह आहे. रात्री शेंगाचटणी, ठेचा आणि कडक भाकरी झाली की छातीत जळजळतं. हे आम्ल स्वादुपिंडात उतरून साखर वाढवतं का? (सात रस्ता, सोलापूर)

नाही. जठरातलं आम्ल लहान आतड्यात उतरलं की तिथून सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात येतं. बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी ते १९०२ साली शोधलं. त्याच्या निरोपावर स्वादुपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी बायकार्बोनेटचा (आम्लाला निष्प्रभ करणाऱ्या क्षाराचा) रस सोडतात आणि आम्ल मारतात. या कामाला सीएफटीआर नावाचं आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांसाठीचं पेशीतलं दार, लागतं. साखरेचा हिशेब भाकऱ्या किती झाल्या त्यावर, ठेच्यावर नाही. पण एक सांगतोच : मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा त्रासही कधी कधी नुसता जळजळीसारखाच वाटतो. सोबत घाम, दम किंवा चालताना छाती भरून येत असेल तर अँटासिड घेऊन वाट पाहू नका, ईसीजी काढा.

अल्कलाइन पाणी प्यायल्याने स्वादुपिंड सुधारतं का? (होटगी रोड)

नाही. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. पैसे वाचवा.

आयन चॅनेल म्हणजे नेमकं काय? आम्लतेने इन्सुलिन का कमी होतं? मी बीएस्सीला आहे. (सोलापूर)

फार चांगला प्रश्न. चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातलं प्रथिनाचं दार. त्यातून पोटॅशियम, कॅल्शियम असे विद्युतभारित कण ये-जा करतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज जळून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) वाढलं की केएटीपी हे पोटॅशियमचं चॅनेल बंद होतं, पेशीचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमची चॅनेल उघडतात आणि आत आलेलं कॅल्शियम इन्सुलिन बाहेर सोडायला लावतं. पेशीच्या आत आम्लता थोडी वाढली की एटीपीची पकड ढिली होते आणि केएटीपी उघडं राहू लागतं. बाहेरची आम्लता कॅल्शियमचा प्रवाह कमी करते. दोन्हींनी इन्सुलिनला खीळ बसते. गंमत अशी, की ज्या कणिकांत इन्सुलिन तयार होऊन साठतं त्या आतून आम्लधर्मीच असतात आणि प्रोइन्सुलिनचं (इन्सुलिनच्या कच्च्या रूपाचं) इन्सुलिन व्हायला ती आम्लता हवीच असते! केएटीपीचं महत्त्व बघ : त्याच्या जनुकातल्या दोषामुळे ते उघडंच राहून काही बाळांना जन्मानंतर सहा महिन्यांच्या आतच मधुमेह होतो. हे २००४ साली कळलं, आणि त्यातल्या अनेकांची इंजेक्शनं सुटून ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या औषधाच्या गोळ्यांवर भागू लागलं, कारण ही गोळी तेच चॅनेल बंद करते.

मुलाला टाइप १ मधुमेह आहे. ताप आला, जेवला नाही, म्हणून घरच्यांनी इन्सुलिन बंद केलं. तो जोरजोरात श्वास घ्यायला लागला. असं का झालं? (अक्कलकोट रोड)

ताई, इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून बनणारी कीटोन आम्लं रक्तात साठतात. जोराचा श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड टाकून ते आम्ल कमी करण्याची शरीराची धडपड. त्यात पोटॅशियम पेशींतून रक्तात येतं आणि लघवीवाटे जात राहतं. तपासणीत ते पुरेसं दिसतं, प्रत्यक्षात शरीरात कमी पडलेलं असतं. इन्सुलिन सुरू झालं की ते झपाट्याने पेशीत परततं आणि रक्तात घटतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हा उपचार रुग्णालयातच, सलाइन लावून आणि वारंवार रक्त तपासूनच करायचा.

आजारपणात जेवण सुटलं तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नाही. मात्रा किती ठेवायची ते डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या. कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवा. उलट्या, पोटदुखी, असा श्वास किंवा ग्लानी दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.