बोअरिंगची टेस्ट (पंप चालवून जमिनीतलं पाणी कसं चालतं ते बघणं) पहिल्यांदा घेतोयस ना, मग हे वाच

अरे, पंप सुरू करायच्या आधी स्थिर पातळी, म्हणजे उपसा नसतानाची पाण्याची पातळी, दोनतीनदा मोजून घे, आणि आजूबाजूची बोअरिंगं बंद ठेवायला सांग, नाहीतर सगळं मुसळ केरात. इंदूरला आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, पाणी चालतं ते भेगांतून नि झिजलेल्या थरातून, त्यामुळे शेजारच्या बोअरिंगचा आकडा आपल्याला चालत नाही. उपसलेलं पाणी लांब सोड हं, मी एकदा तिथंच शेतात सोडलं नि ते परत मुरायला लागलं, अख्खा दिवस वाया.

पंपाचा उपसा असा मोज: 20 लिटरची बादली 10 सेकंदांत भरली तर 2 लिटर प्रति सेकंद, म्हणजे दिवसाला साधारण 173 घनमीटर. पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला पातळी घे, मग अंतर वाढव. लॉग कागदावर (त्यात 1 ते 10 नि 10 ते 100 हे टप्पे सारख्याच अंतराचे असतात) 10 ते 100 मिनिटांत पातळी 3 मीटर उतरली समज, तर कूपर-जेकबच्या 1946 च्या रीतीनं 0.183 (हा सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले उपसा 173 भागिले उतार 3, साडेदहा चौरस मीटर प्रतिदिन, हीच ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे खडकाचा थर पाणी किती सहज वाहू देतो त्याचं माप. पंप बंद केल्यावर लगेच घरी पळू नकोस, पाणी वर चढतानाचे आकडे मला जास्त खरे वाटतात, तेव्हा पंपाचा चढउतार मध्ये येत नाही.